डबलसीट बसलं की मागचा शॉकअप तळाला लागतो: काय बदलायचं, काय नाही

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. २०१९ ची स्प्लेंडर प्लस, ४८,००० किलोमीटर झालेली. रोज नाशिकरोड ते सिन्नर, येऊन-जाऊन साधारण ५० किलोमीटर. तुमचं वजन ७८ किलो. संध्याकाळी आणि सुट्टीला मागे पत्नी, ६० किलो. डबलसीट असताना स्पीडब्रेकरवर मागून खाडकन लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा आवाज येतो. एकटे असताना तीच गाडी पाठीला हादरे देते. गॅरेजवाल्याने दोन्ही शॉकअप पाचव्या नंबरवर, म्हणजे त्यांच्या कडीच्या शेवटच्या पायरीवर करून दिले, तरी फरक नाही. आता पल्सरचे गॅसवाले शॉकअप टाकावेत, की बाजारातले उंच, बाजूला गॅसची डबी लावलेले, असं तुम्ही विचारताय.

खरा प्रश्न कुठले शॉकअप घ्यायचे हा नाही. एकच गाडी एकट्याला कडक आणि दोघांना मऊ का लागते, हे आधी समजायला हवं. ते कळलं की काय विकत घ्यायचं ते जवळजवळ आपोआप ठरतं, आणि पुष्कळदा ते सगळ्यात महागडं नसतं.

शॉकअपला हात लावण्याआधी चार गोष्टी तपासा. एकूण अर्धा तास लागतो.

पहिली हवा. स्प्लेंडरच्या मागच्या टायरला एकट्यासाठी २८ आणि डबलसीटसाठी ४१ पीएसआय असे दोन वेगळे आकडे कंपनी देते. तुमच्या मॉडेलचा आकडा पुस्तिकेत किंवा गाडीवरच्या स्टिकरवर पाहून घ्या. बहुतेक लोक रविवारी डबलसीटची हवा भरतात आणि आठवडाभर एकटे त्याच हवेवर फिरतात. टायर हीसुद्धा एक स्प्रिंग आहे. खडी, पेव्हर ब्लॉकच्या फटी, डांबराची ठिगळं यांचे बारीक हादरे शॉकअपपर्यंत पोहोचण्याआधी टायरने गिळायचे असतात. ४१ च्या हवेवर एकट्याने चालवलात तर जगातला कुठलाही शॉकअप गाडी मऊ करू शकणार नाही.

दुसरी सीट. सीटवर अंगठा जोरात दाबा. खालचा पत्रा किंवा प्लास्टिकचा तळ लगेच लागत असेल तर फोम बसला आहे. ४८,००० किलोमीटरला तो बसलेला असणं अगदी शक्य आहे. एकट्याच्या हादऱ्यांपैकी मोठा वाटा त्याचा असू शकतो, आणि फोम बदलणं शॉकअपपेक्षा स्वस्त आहे.

तिसरी चिमटा बुश. चिमटा म्हणजे मागचं चाक धरणारा दुहेरी दांडा, आणि बुश म्हणजे तो चेसीला जोडतो तिथल्या नळ्या. गाडी डबल स्टँडवर घ्या, गाडीमागे जमिनीवर बसा, चिमट्याची दोन्ही टोकं धरून आडवी हलवा. खेळ जाणवला तर बुश गेले. मग फक्त रिम वरून-खालून धरून हलवा. तिथे खेळ असेल तर तो चाकाच्या बेअरिंगचा. हे दोन खेळ वेगळे ओळखायला शिका, कारण चिमटा बुश गेलेल्या गाडीवर कितीही चांगले शॉकअप लावले तरी वळणावर मागचा भाग वळवळतोच, आणि बिल मात्र शॉकअपच्या नावावर फाटतं.

चौथी शॉकअपच्या दोन्ही डोळ्यांतली, म्हणजे टोकांच्या गोल भोकांतली रबरं. ती चिरली किंवा एका बाजूला दबून पातळ झाली की आतली नळी थेट डोळ्याच्या लोखंडाला लागते. त्याचा आवाज ‘खटखट’ असा, छोट्या खड्ड्यातही येणारा. शॉकअप तळाला लागल्याचा आवाज एकच, जड आणि फक्त मोठ्या धक्क्याला येतो. तुम्ही वर्णन केलेला आवाज दुसऱ्या जातीचा वाटतो, पण खात्री करून घ्या. शॉकअपचा चकचकीत रॉड स्प्रिंगच्या फटीतून दिसत असेल तर त्याला बारीक झिपटाय गुंडाळून खाली सरकवून ठेवा आणि डबलसीट एक फेरी मारा. परत आल्यावर झिपटाय वरच्या काळ्या रबरापर्यंत ढकलला गेला असेल तर शॉकअप पूर्ण दबतो आहे, यात शंका उरत नाही. मडगार्डच्या आतल्या बाजूला टायर घासल्याच्या खुणाही बघा.

आता शॉकअपची तब्येत. रॉडवर आणि सीलखाली तेलाचा ओलसर, धूळ चिकटलेला थर आहे का? असेल तर सील गेलं. नसेल तरी गाडी स्टँडवरून खाली घेऊन सीटची मागची कडा जोरात दाबा आणि सोडा. मागचा भाग वर येऊन एकदाच थांबला पाहिजे. वर येऊन पुन्हा खाली, पुन्हा वर अशी दोन-तीन वेळा डोलली तर आतलं डॅम्पिंग, म्हणजे उसळी आवरण्याची ताकद, संपलंय. शॉकअपमध्ये दोन वेगळी कामं चालतात. स्प्रिंग वजन उचलते आणि तेल त्या स्प्रिंगची उसळी आवरतं. तेल गळून गेलं की धक्का बसताना काहीच आवर राहत नाही, स्प्रिंग एका झटक्यात तळापर्यंत दबते आणि खाडकन आवाज येतो. पाचव्या नंबरवर करूनही तुम्हाला फरक पडला नाही, याचं एक कारण हेच असण्याची मला जास्त शक्यता वाटते.

दुसरं कारण त्या पाचव्या नंबरातच आहे. इथे सगळ्यात मोठा गैरसमज असतो, म्हणून थोडं थांबून सांगतो.

शॉकअपच्या खालच्या बाजूची पायऱ्यांची कडी फिरवली की स्प्रिंग कडक होते, असं जवळजवळ प्रत्येक जण समजतो. तसं होत नाही. स्प्रिंगचा कडकपणा तारेची जाडी, वेटोळ्याचा व्यास आणि वेटोळ्यांची संख्या यावर ठरतो, आणि कडी फिरवून यातलं काहीच बदलत नाही. कडी स्प्रिंगला बसल्या जागी थोडी आधीच दाबून ठेवते. म्हणजे गाडी उंच उभी राहते, आणि स्प्रिंग हलायला सुरुवात होण्यासाठी जास्त जोर लागतो. एकदा हलायला लागली की ती पहिल्याइतकीच दबते.

हे पट्टीने मोजता येतं. एक माणूस मदतीला घ्या आणि टेप घ्या. मागच्या चाकाच्या ॲक्सलच्या बरोबर वर, सीटखाली किंवा ग्रॅब रेलवर एक खूण करा. ॲक्सलच्या मध्यापासून त्या खुणेपर्यंतचं सरळ उभं अंतर चार वेळा मोजायचं. एक, गाडी डबल स्टँडवर, मागचं चाक अधांतरी. दोन, गाडी सपाट जमिनीवर सरळ उभी, वर कुणी नाही. तीन, तुम्ही हेल्मेट आणि रोजच्या बॅगेसह बसलेले, दोन्ही पाय फूटरेस्टवर, समोरून कुणीतरी हँडल धरलेलं. चार, मागे पत्नीसह. दर वेळी मोजण्याआधी सीट दोन-तीनदा दाबून सोडा, नाहीतर बुशच्या घर्षणामुळे आकडा ४-५ मिलीमीटरने चुकतो. पहिल्या अंतरातून बाकीची तीन वजा केली की प्रत्येक वेळी गाडी किती बसते ते कळतं.

अशा १०० सीसी गाड्यांच्या मागच्या चाकाची पूर्ण हालचाल साधारण ८० ते १०० मिलीमीटर असते. ९० धरू. नियम असा की गाडी नुसत्या स्वतःच्या वजनाने ८ ते १२ मिलीमीटर बसावी, चालवणाऱ्यासह एकूण हालचालीच्या २५ ते ३० टक्के, आणि दोघांसह ४० टक्क्यांच्या आसपास. याहून जास्त बसली तर खड्ड्यासाठी खाली जागा उरत नाही. याहून कमी बसली तर खड्ड्यात चाक खाली उतरायला जागा उरत नाही, आणि तेही तितकंच वाईट.

समजा दुसऱ्या पायरीवर तुमचे आकडे असे आले: नुसती गाडी १०, तुम्ही एकटे २८, दोघं ५०. एकट्यासाठी हे उत्तम आहे. दोघांसाठी मात्र ९० पैकी ५० आधीच संपले, उरले ४०, आणि सिमेंटचा उंच स्पीडब्रेकर ते सहज खाऊन टाकतो. आता कडी चौथ्या पायरीवर नेली, आणि दोन पायऱ्यांनी चाकापाशी १० मिलीमीटरचा फरक पडला असं धरू. आकडे होतात ०, १८ आणि ४०. दोघांसाठी गाडी जागेवर आली. पण पहिला आकडा बघा: शून्य. गाडीच्या स्वतःच्या वजनाने स्प्रिंग हलतच नाही. एकट्याने निघालात की खड्ड्यात चाक खाली उतरायला जेमतेम १८ मिलीमीटर उरतात, आणि स्पीडब्रेकर उतरताना शॉकअप पूर्ण उघडून ‘टक्’ वाजतो. पाचव्या नंबरवर याहून वाईट. तुमची एकट्याची कडक गाडी ती हीच, आणि दोघांना ती तळाला लागते ती संपलेल्या डॅम्पिंगमुळे. दोन तक्रारी, दोन वेगळी कारणं. म्हणून एक उपाय करून दुसरी जात नाही.

एकट्याच्या आणि दोघांच्या बसण्यात २२ मिलीमीटरचं अंतर आहे, आणि कडी कितीही फिरवली तरी ते २२ च राहतं. ते कमी करायचं तर स्प्रिंगच कडक हवी. किती, तेही काढता येतं. उदाहरणार्थ, तार ७ मिलीमीटर, वेटोळ्याचा मध्य-व्यास ४५ मिलीमीटर आणि काम करणारी वेटोळी १३ असतील तर एक स्प्रिंग १ मिलीमीटर दाबायला सुमारे २ किलोचा भार लागतो. दोन्ही बाजू मिळून ४. शॉकअप ॲक्सलच्या पुढे आणि तिरका बसतो, त्यामुळे चाकापाशी तो साधारण २.८ पर्यंत उतरतो. मागच्या माणसाचं जवळजवळ सगळं वजन मागच्या चाकावरच येतं, म्हणून ६० भागिले २.८, म्हणजे २१-२२ मिलीमीटर. वरचे आकडे असे जुळतात.

आता तारेची जाडी ७ वरून ७.५ करा. कडकपणा जाडीच्या चौथ्या घातात वाढतो, म्हणजे अर्ध्या मिलीमीटरने तब्बल ३२ टक्के! म्हणून दुकानात दोन स्प्रिंगा डोळ्यांनी सारख्या दिसल्या तरी व्हर्नियर (बारीक जाडी मोजायचं माप) लावल्याशिवाय घेऊ नका, आणि मोजताना रंगाचा थर खरवडून मोजा. तुमच्यासारख्या, म्हणजे रोज एकटा आणि आठवड्यातून काही वेळा डबलसीट, अशा वापराला १० ते १५ टक्के कडक स्प्रिंग पुरते. ३२ टक्के ही रोज दोघं जाणाऱ्यांसाठी, नाहीतर दुधाचे कॅन किंवा पार्सलच्या पिशव्या वाहणाऱ्यांसाठी.

इथेच पल्सरच्या शॉकअपचं उत्तर येतं. पल्सर १५० ही १४० किलोच्या पुढची गाडी आहे, तुमची स्प्लेंडर ११२ किलोची. तो शॉकअप वाईट नाही, उलट चांगल्या प्रतीचा आहे, पण त्याची स्प्रिंग आणि तिला आवरणारं डॅम्पिंग जड गाडीच्या हिशोबाने ठरलेलं आहे. तो लावून डबलसीटचा आवाज जाईल, आणि सोमवार ते शनिवार एकट्याने चालवताना तुम्ही आजच्याहून जास्त हादरे खाल. लांबी आणि डोळ्यांचं माप जुळतं का, हा आणखी वेगळा प्रश्न. दुसऱ्या कुठल्याही गाडीचे शॉकअप लावताना हेच लागू पडतं.

डबीवाल्या शॉकअपचं काय? डबीत नायट्रोजन असतो. खराब रस्त्यावर बराच वेळ चालवलं की तेल तापतं, त्यात हवेचे बुडबुडे होतात, आणि फेसाळलेलं तेल उसळी आवरत नाही. तेलावर नायट्रोजनचा दाब ठेवला की फेस होत नाही. एवढंच त्याचं काम. डांबरी रस्त्यावर ४०-५०च्या वेगाने २५ किलोमीटर जाणाऱ्या गाडीत तेल सहसा तेवढं तापत नाही. त्यामुळे ‘गॅस आहे म्हणून मऊ’ हे खरं नाही. चांगल्या कंपनीचा गॅस शॉकअप मऊ लागतो तो त्याच्या वॉल्व्हमुळे. शिवाय स्वस्त जोड्यांमध्ये डबी कित्येकदा नुसती शोभेची असते, आतून जोडलेलीच नसते. डबीवरचं बटण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून शॉकअप हाताने दाबून-सोडून बघा. सुटण्याच्या वेगात काहीच फरक नसेल तर ते बटण नावापुरतं आहे.

मापाचे, चांगल्या प्रतीचे, रिबाउंड (दबल्यावर परत उघडण्याचा वेग) कमी-जास्त करता येणारे शॉकअप मिळतात. वायएसएससारख्या कंपन्या गाडीच्या नावानुसार आणि लांबीनुसार जोड्या विकतात. घाटात नियमित डबलसीट जाणाऱ्यांना, लांबच्या प्रवासाला जाणाऱ्यांना त्यांचा फायदा खरोखर होतो. पण किंमत कंपनीच्या जोडीच्या कितीतरी पट असते. तुमच्या वापरात तो पैसा पूर्ण वसूल होईल असं मला वाटत नाही.

‘उंच शॉकअप लावा, तळाला लागणार नाही’ हा सल्लाही तुम्हाला मिळालाय, त्याबद्दल मी स्पष्ट नाही म्हणेन. दोन डोळ्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर म्हणजे शॉकअपची लांबी. ती २० मिलीमीटरने वाढवली तर मागचा भाग साधारण २२ ते २५ मिलीमीटर उचलला जातो. स्प्लेंडरचा व्हीलबेस, म्हणजे दोन चाकांच्या ॲक्सलमधलं अंतर, १२३० मिलीमीटरच्या आसपास आहे, त्यावर ही उंची म्हणजे गाडी एक अंशाहून थोडी जास्त पुढे झुकते. ऐकायला क्षुल्लक, पण हँडल लगेच चंचल होतं, वेगात गाडी सरळ धरायला लक्ष द्यावं लागतं. आणखी बरंच काही बदलतं. डबल स्टँडवर चाक जमिनीला टेकतं, म्हणून चेनला तेल देणं आणि पंक्चर काढणं अवघड होतं. साइड स्टँडवर गाडी जास्त कलते. हेडलाइटचा झोत खाली पडतो. चिमट्याचा कोन बदलतो, म्हणून चेनची ढील नव्याने बघावी लागते. मागचा ड्रम ब्रेक रॉडने चालतो, त्यामुळे पॅडलचा मोकळा खेळ आणि ब्रेक लाइटचा स्विच दोन्ही हलतात. एवढं करूनही हाती काय येतं? रॉडची चाल जुन्याइतकीच असेल तर नुसती उंची वाढते, खड्डा गिळण्याची ताकद तेवढीच राहते. फार तर ५ मिलीमीटरचा फरक चालवून घ्या, त्याच्या पलीकडे जाऊ नका. मोनोशॉक बसवण्यासाठी चेसीला वेल्डिंग करणाऱ्यांच्या वाट्याला तर अजिबात जाऊ नका. मूळ मापाचा सुटा भाग बदलणं ही दुरुस्ती झाली. चेसी कापून-जोडून गाडीची रचना बदलणं मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाच्या कचाट्यात येतं, आणि वेल्डजवळ पुढे तडा जातो तो वेगळाच.

जुना शॉकअप खोलून ‘तेल बदलून’ देणारेही आहेत. बहुतेक प्रवासी गाड्यांचे मागचे शॉकअप खोलण्यासाठी बनवलेलेच नसतात. कापून, तेल भरून पुन्हा वेल्ड करतात, आणि तेल सहसा हाताला येईल ते, बहुधा गरजेपेक्षा जाड. जाड तेलाने काय होतं ते टोलनाक्याआधीच्या रंबल स्ट्रिपवर कळतं. पहिली-दुसरी पट्टी ठीक, चौथी-पाचवी दगडासारखी. रॉड दबल्यावर पुन्हा उघडायला वेळ लावतो, तेवढ्यात पुढची पट्टी येते, आणि शॉकअप पायरी-पायरीने खाली बसत जातो. याच्या उलट, पहिल्याच धक्क्याला मागचा भाग उसळून सीट सोडायला लावत असेल तर डॅम्पिंग कमी पडतंय. जुन्या शॉकअपवर फक्त कडक स्प्रिंग चढवली की हेच होतं, म्हणून थकलेल्या शॉकअपला नवी स्प्रिंग देऊ नका. गॅस भरलेला शॉकअप तर गॅस वेल्डिंगच्या जवळही नेऊ नये, तो फुटतो.

या सगळ्यावरून माझा सल्ला. दाबून-सोडून बघण्याच्या चाचणीत गाडी डोलत असेल तर मूळ लांबीची, तुमच्याच मॉडेलची नवी जोडी घ्या, दोन्ही बाजू एकदमच. एकच बदलला तर दोन बाजूंचं डॅम्पिंग वेगळं होतं आणि चिमटा पिळला जातो. कंपनीचा मूळ भाग किंवा गॅब्रिएल, एन्ड्युरन्स यांच्यासारख्या गाड्यांच्या कंपन्यांना माल पुरवणाऱ्या उत्पादकाची त्याच मापाची जोडी, दोन्ही चालेल. गॅब्रिएल १९६१ साली मुलुंडला सुरू झाली आणि तिचा कारखाना तुमच्या नाशिकलाही आहे. एन्ड्युरन्स छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजची. महाराष्ट्रात अस्सल माल मिळणं अवघड नाही, पण नकली डबेही त्याच दुकानांत असतात, म्हणून अधिकृत विक्रेता आणि पावती दोन्ही हवं. नव्या जोडीनंतरही चौथ्या पायरीवर दोघांचा आकडा ४५ च्या पुढे राहिला, तरच स्प्रिंगचा विचार करा.

आणि एक मर्यादा कुठलाच शॉकअप वाढवत नाही. स्प्लेंडरचा भार कंपनीने १३० किलो ठरवलेला आहे. तुम्ही दोघं मिळूनच १३८ होता, वर डब्याची बॅग. चिमटा, रिम, आऱ्या आणि ब्रेक त्या १३० च्या हिशोबाचे आहेत. डबलसीट असताना स्पीडब्रेकरला पहिल्या-दुसऱ्या गिअरपर्यंत वेग उतरवायची सवय नव्या शॉकअपनंतरही ठेवा.

बसवणं घरीही जमतं. विकत घेताना जुना शॉकअप सोबत नेऊन चार मापं ताडून बघा: डोळ्यापासून डोळ्यापर्यंतची लांबी, वरच्या आणि खालच्या बुशचं आतलं भोक, बुशची रुंदी, आणि खालचा डोळा गोल आहे की काट्यासारखा. भोक मोठं असेल तर नळीचा तुकडा घालून भागवू नका, त्या मापाचा स्लीव्ह (भोकात बसणारी तयार नळी) मागा.

गाडी डबल स्टँडवर, सपाट जागी. डाव्या बाजूला साडी गार्ड आणि लेडीज फूटरेस्ट असेल तर त्याची पट्टी पुष्कळदा शॉकअपच्या खालच्या नटाखालीच असते, ती आधी सोडा. काम झाल्यावर परत लावाच. मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारं संरक्षण नियमाने बंधनकारक आहे, आणि ओढणी-साडी चाकात जाण्याचा धोका कुठल्याही सुखद शॉकअपपेक्षा मोठा आहे. नटांवर आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. वॉशर कुठल्या क्रमाने आहेत त्याचा फोटो काढा. बहुतेक ठिकाणी १४ नंबरचा पाना लागतो, काही ठिकाणी १७.

दोन्ही बाजू एकदम काढू नका. एक बाजू पूर्ण बसवा, मग दुसरी. दोन्ही काढल्या की चाक खाली लटकतं, ब्रेकचा रॉड ताणला जातो आणि डोळे पुन्हा जुळवायला घाम निघतो. भोक दोन-चार मिलीमीटर जुळत नसेल तर टायरखाली लाकडाची पाचर सरकवून चाक उचला, हातोडीने ठोकू नका. स्टडवर, म्हणजे शॉकअपचा डोळा ज्या आट्याच्या खुंटीवर बसतो तिच्यावर, ग्रीसचा अगदी पातळ थर चालतो, पण रबराला ग्रीस लागू देऊ नका, ते फुगून सैल होतं. नट आधी हाताने पकडेपर्यंत लावा. मग गाडी स्टँडवरून खाली घ्या, सीटवर कुणाला तरी बसवा आणि तेव्हा पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कला, म्हणजे आवळण्याच्या ठरलेल्या जोराला, आवळा. चाक लटकलेलं असताना आवळलं तर बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. जोर लावून आवळण्याची हौस मात्र आवरा, कारण वरचा स्टड अनेक गाड्यांत चेसीलाच वेल्ड केलेला असतो. त्याचे आटे गेले की शंभर रुपयांचं काम हजारांवर जातं.

कडी फिरवण्यासाठी टूलकिटमधला हुकाचा पाना वापरा. आधी पायऱ्यांमधला चिखल ब्रशने काढा. एक, दोन, तीन असं क्रमाने जा. एकवरून थेट पाचवर किंवा पाचवरून थेट एकवर उडी मारू नका, त्याने कडी तुटू शकते. दोन्ही बाजू एकाच पायरीवर हव्यात. रोज एकट्याला दुसरी, रविवारी चौथी, असं दोन मिनिटांत बदलता येतं, आणि तेवढ्यात हवाही बदलून घ्या.

शेवटी चेनची ढील तपासा, साधारण २० ते ३० मिलीमीटर, चाक फिरवत तिच्या सगळ्यात ताठ जागी. ब्रेक पॅडलचा खेळ आणि ब्रेक लाइट बघा. मग टेप घेऊन वरची चारही मापं पुन्हा घ्या आणि टूलकिटमध्ये चिठ्ठीवर लिहून ठेवा. पहिल्या २०० किलोमीटरनंतर नट एकदा तपासा. नवी रबरं बसतात आणि नट किंचित सैल होतात. ५०० किलोमीटरनंतर चिठ्ठीवरचे आकडे पुन्हा पडताळा. स्प्रिंगा २-३ मिलीमीटर बसणं नेहमीचं आहे. त्याहून जास्त बसल्या, किंवा डाव्या-उजव्या रॉडवरच्या झिपटायच्या जागा वेगळ्या आल्या, तर पावती घेऊन दुकानात परत जा, जोडीत दोष आहे.